पावडरीचं अर्थिंग

प्रतापगड म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जावळीचं खोरं आणि अफझलखान उभा राहतो. मी ज्या प्रतापगडाचा आहे तो तिथून सरळ रेषेत मोजला तरी साडेसातशे किलोमीटर पूर्वेला आहे. गोंदिया जिल्हा, तालुका अर्जुनी मोरगाव. डोंगरावर जुना पडका किल्ला, महाशिवरात्रीला भरणारी जत्रा, त्याच जत्रेतून दर्ग्यावर जाणारी माणसं, आणि खाली धानाच्या बांध्या. गावाजवळच नोरग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ती १९७२ साली वसली, तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. हिवाळा आला की तिथली पुष्कळ माणसं शहरोशहरी स्वेटर विकायला जातात.

माझा पहिला चांगला स्वेटर अशाच एका तिबेटी बाईंकडून घेतलेला होता. ॲक्रिलिकचा, निळा, गळ्याशी पांढरी नक्षी. डिसेंबरच्या कोरड्या रात्री दिवा गेलेला असताना तो डोक्यावरून काढला की चटचट आवाज व्हायचा आणि बाह्यांवर निळसर ठिणग्या दिसायच्या. धाकटी बहीण घाबरायची, मी मुद्दाम पुन्हा घालून पुन्हा काढायचो. मग स्वेटर कोंड्याच्या टोपलीवर धरायचो. कोंड्याचे कण उडून लोकरीला चिकटायचे आणि त्यातले काही क्षणभर थांबून परत बाहेर फेकले जायचे. चिकटणारे कण मला समजत होते. फेकले जाणारे समजत नव्हते.

पुढे धातुशास्त्र शिकलो, नोकरीला लागलो, आणि तिशी उलटल्यावर एका यंत्राच्या काचेतून तेच फेकले जाणारे कण पुन्हा पाहिले. या वेळी ते टायटेनियमचे होते, आणि त्या दिवशी मी एका माणसावर अन्याय केला. हा लेख त्या कणांच्या इतिहासाचा आहे. तो इतिहास मी आधी वाचला असता, तर त्या दिवशी नोंदवहीत जे लिहिलं ते लिहिलं नसतं.

*

आधी यंत्र समजून घेऊ. थ्रीडी प्रिंटिंग हा शब्द आता सगळ्यांना माहीत आहे. प्लास्टिकची वस्तू थरावर थर देत बनवतात, तशी धातूचीही बनवता येते. पद्धत साधी: पाटीवर धातूच्या पावडरीचा पातळ थर पसरायचा, जिथे वस्तू हवी तेवढाच भाग वितळवायचा, पाटी थोडी खाली करायची, पुढचा थर पसरायचा. वितळवण्याचं काम बहुतेक यंत्रांत लेझर करतो. आमच्या यंत्रात ते इलेक्ट्रॉनचा झोत करत असे.

हा झोत बहुतेक अशा यंत्रांत ६० हजार व्होल्टच्या दाबाने सोडलेला असतो. घरातल्या विजेच्या सुमारे २६० पट. इतक्या दाबाने निघालेला इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १ लाख ३४ हजार किलोमीटर वेगाने जातो, प्रकाशाच्या वेगाच्या ४५ टक्के. हवेत तो टिकणार नाही म्हणून सगळं काम निर्वात पेटीत चालतं. पावडरीचे कण साधारण ४५ ते १०५ मायक्रॉनचे, थर ५० ते ७० मायक्रॉनचा. झोत चुंबकांनी वळवला जातो, त्यामुळे हलणारा आरसा लागत नाही आणि तो एका जागेवरून दुसऱ्या जागी जवळजवळ तत्काळ पोचतो. शक्ती किलोवॉटमध्ये. वेग आणि ताकद दोन्ही हवी असेल तर लेझरपेक्षा हे हत्यार सरस.

पण लेझरच्या कणांवर विद्युतभार नसतो, इलेक्ट्रॉनवर असतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन पावडरीला उष्णता देतो आणि स्वतःचा ऋणभारही तिथेच सोडतो. तो भार कणाकणांतून वाट काढत खालच्या पाटीपर्यंत आणि तिथून अर्थिंगपर्यंत गेला तर काहीच बिघडत नाही. नाही गेला, तर शेजारशेजारचे सगळे कण सारख्याच भाराचे होतात आणि एकमेकांना ढकलू लागतात. काही मिलिसेकंदांत थराची पावडर उधळते, पेटीभर ढग होतो, झोत त्या ढगात विखुरतो, काम थांबतं. कारखान्यात याला 'स्मोक' म्हणतात. नाव धुराचं असलं तरी काही जळत नाही. ती कोरडी, थंड धातूची धूळ असते आणि तिला खाली राहायचं नसतं.

त्या दिवशी आमच्याकडे हेच झालं. पावडर बऱ्याच वेळा वापरून चाळलेली होती. वेळापत्रक मागे पडलं होतं. यंत्रावर आयटीआय झालेला एक मुलगा होता, हाताने फार नीटस. थर वितळवण्याआधी तो फैलावलेल्या झोताने आधी तापवून घ्यावा लागतो. ते तापवणं मी कमी करायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, अजून थोडं तापू देऊ या का?" मी घड्याळ दाखवलं. दहा-बारा थर ठीक गेले. मग काचेआड क्षणभर राखाडी काहीतरी हललं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. दोन दिवसांचं काम गेलं. संध्याकाळी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: पावडर हाताळणीत त्रुटी. आठवड्याने त्या मुलाला त्या यंत्रावरून काढून दुसरीकडे पाठवलं गेलं.

*

किती विजेने हा ढग उठतो, याचा हिशेब मी खूप नंतर एका रात्री वहीत मांडला. शाळेतलं कूलोमचं सूत्र त्याला पुरतं.

७० मायक्रॉन व्यासाचा टायटेनियम मिश्रधातूचा एक कण घ्या. त्याचं वजन सुमारे ०.८ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये साडेबारा लाख कण मावतात. असे दोन कण एकमेकांना टेकून आहेत. त्यांच्यातलं ढकलणं त्यांच्या वजनाइतकं व्हायला प्रत्येकावर किती जादा इलेक्ट्रॉन हवेत? उत्तर येतं सुमारे चार लाख. कणांना एकमेकांशी धरून ठेवणारी थोडी चिकटही असते, म्हणून खरा आकडा याहून मोठा धरा.

आता दुसरी बाजू. झोताचा प्रवाह ५० मिलिॲम्पिअर असेल, तर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, पावडरीवर सुमारे ३१ हजार कोटी इलेक्ट्रॉन पडतात. गरज लाखांची, येतात हजारो कोटी. तेव्हा पावडर कधीकधी का उडते, हा प्रश्न मागे पडतो. ती एरवी खाली राहते तरी कशी, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर एकच: आलेला जवळजवळ सगळा भार लगेच निघून जातो. जिथे त्यातला क्षुल्लक अंश अडकतो, तिथे ढग उठतो.

अडकतो कुठे? धातू तर विजेचा उत्तम वाहक. पण धातूचा कण कधीच नागडा नसतो. टायटेनियम, ॲल्युमिनियम, निकेलची मिश्रणं, सगळ्यांवर हवेतल्या ऑक्सिजनने दिलेला काही नॅनोमीटरचा पापुद्रा असतो. आत धातू, बाहेर ऑक्साइडचं टरफल. कण कणाला टेकतो तो टरफलाने, तोही एखाद्या बिंदूवर. वीज तिथे अडखळते.

ही अडखळ नवी नाही, आणि ती पहिल्यांदा भेटली ती धातूच्या छपाईत नव्हे. ती भेटली गिरणीच्या धुराड्यात, आणि तिचा आजचा एक मोठा नमुना आमच्याच जिल्ह्यात आहे.

*

घासलेल्या वस्तूने हलके कण ओढले जातात हे माणसाला फार जुनं माहीत आहे. आपल्याकडे अंबर या पिवळ्या राळेच्या खड्याला तृणमणी म्हणतात, म्हणजे गवताची काडी ओढणारा मणी. ग्रीक भाषेत त्याच खड्याचं नाव इलेक्ट्रॉन. ओढण्याची गोष्ट नावातच आली, फेकण्याची गोष्ट मात्र कुणी नावात ठेवली नाही.

१८८४ साली लिव्हरपूलला ऑलिव्हर लॉज हे भौतिकशास्त्रज्ञ काचेच्या हंडीत धूर भरून त्यात विजेचं टोक धरत. धूर झपाट्याने खाली बसे. त्यांना वाटलं, शहरांचा धूर असाच बसवता येईल. १८८५ मध्ये वेल्समधल्या बॅगिल्ट इथल्या शिशाच्या भट्टीवर ही कल्पना लावून पाहिली. वीज मिळवायला विमशर्स्ट यंत्रं होती, काचेच्या फिरत्या तबकड्यांची, शाळेच्या प्रयोगशाळेत असतात तशी. प्रयोग फसला. तबकड्यांची ताकद अपुरी होती हे एक कारण. दुसरं कारण शिशाच्या धुराच्या स्वभावात होतं: त्याचे कण अतिशय बारीक, आणि आलेला भार ते सोडायला तयार नसतात.

वीसेक वर्षांनी, १९०७-०८ च्या सुमारास, कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांनी हीच कल्पना चालवून दाखवली. त्यांच्याकडे विजेची साधनं जास्त चांगली होती. त्यांच्या यशात आणखी एक गोष्ट होती: सुरुवात त्यांनी गंधकाम्लाच्या धुक्यापासून केली. आम्लाचा थेंब विजेचा वाहक असतो. तो पत्र्यावर जाऊन बसला की भार लगेच सोडतो आणि ओघळून जातो. लॉज यांचं शिसं आणि कॉट्रेल यांचं आम्ल, या दोन पदार्थांतला हा फरक मला या सगळ्या इतिहासाचा बिजागर वाटतो. कणावर भार चढवणं दोघांनाही जमलं. भार उतरवण्याची सोय एकाच्या पदार्थात आयतीच होती.

आज तेच उपकरण कोळशाच्या बहुतेक वीज केंद्रांत असतं. अर्जुनी मोरगाव जिल्ह्याच्या दक्षिणेला, आणि दुसऱ्या टोकाला तिरोडा. तिथे ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. भट्टीतून निघणारा वायू चिमणीत जाण्याआधी विद्युत अवक्षेपकातून, म्हणजे इएसपीतून जातो. आत उंच पत्रे आणि त्यांच्यामध्ये हजारो व्होल्टच्या तारा. राखेच्या कणावर ऋणभार चढतो, कण पत्र्याकडे ओढला जातो, थर साचला की हातोड्याने ठोकून खालच्या हॉपरमध्ये पाडतात.

भारतीय कोळशात राख भरपूर, तीस ते पंचेचाळीस टक्के, आणि गंधक कमी. हवेच्या दृष्टीने कमी गंधक चांगलं. पण इएसपीच्या माणसाला विचारा, तो कपाळाला हात लावेल. ही राख सिलिका आणि ॲल्युमिनाची, तिचा विजेला विरोध प्रचंड: दहाचा अकरावा घात ओहम-सेंटीमीटर आणि त्याच्याही वर. पत्र्यावर बसलेल्या थरातून भार खालच्या पत्र्यापर्यंत झिरपतच नाही. थरात तो साठत जातो, शेवटी थराच्या आतच ठिणग्या पडू लागतात आणि बसलेली राख पुन्हा वायूत उधळते. याला बॅक कोरोना म्हणतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो. आमच्या यंत्रातला स्मोक आणि राखेचं हे उधळणं, दोन्हींत भार यायला रस्ता रुंद आहे आणि जायला अरुंद.

यावरचा उपाय अभियंत्यांनी कॉट्रेलच्या आम्लातच शोधला. वायूत थोडा सल्फर ट्रायऑक्साइड सोडायचा. तो बाष्पाशी मिळून कणांवर आम्लाचा अदृश्य ओलावा धरतो आणि त्या ओलाव्यातून भार उतरतो. काही ठिकाणी अमोनिया सोडतात. कोळशात जे गंधक नव्हतं ते चमच्याने परत द्यायचं, असा हा प्रकार. दुसरा मार्ग तापमानाचा. अशा राखेचा विरोध साधारण दीडशे अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असतो, त्याहून बरंच तापवलं की तो उतरतो.

*

आता पुन्हा धातूकडे. इलेक्ट्रॉनच्या झोताने धातू वितळवण्याची कल्पना थ्रीडी प्रिंटिंगपेक्षा खूप जुनी. बर्लिनला सीमेन्स-हाल्स्केच्या दिव्यांच्या कारखान्यात मार्चेलो पिरानी काम करत. दिव्याच्या तारेसाठी टँटलम हवं होतं, आणि ते वितळायला तीन हजार अंश लागतात. पिरानींनी ते निर्वात नळीत इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने वितळवलं, १९०७ मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट निघालं. निर्वात मोजणारं पिरानी गेजही त्यांचंच. पुढे १९५२ च्या सुमारास जर्मनीत कार्ल-हाइन्झ श्टायगरवाल्ड यांनी झोतावर चालणारं यंत्र उभं केलं, आणि वेल्डिंगमध्ये ही पद्धत रुळली. वेल्डिंगमध्ये अख्खा तुकडा असतो, तो क्लॅम्पला धरलेला, क्लॅम्प अर्थिंगला. भार कुठे जातो हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं.

तो पडला पावडर आल्यावर. १९९३ साली स्वीडनमध्ये राल्फ लार्सन यांनी पेटंटसाठी अर्ज केला: वीज वाहणारी पावडर थराथराने झोताने वितळवून वस्तू बनवायची. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठाबरोबर काम सुरू झालं, १९९७ मध्ये आर्कॅम ही कंपनी निघाली, २००२ मध्ये तिचं पहिलं व्यापारी यंत्र एस-१२ बाजारात आलं. 'वीज वाहणारी पावडर' हे शब्द मला आता वेगळे वाचू येतात. धातू वाहतो. पावडर वाहतेच असं नाही.

आर्कॅमचं उत्तर होतं तापवणं. प्रत्येक थर पसरला की झोत फैलावून, अतिशय वेगाने, सगळ्या थरावरून पुन्हा पुन्हा फिरवायचा, म्हणजे एका जागी भार साठायला वेळच मिळणार नाही. टायटेनियम मिश्रधातूसाठी थर सुमारे ७०० अंशांवर न्यायचा. इतक्या उष्णतेत कण वितळत नाहीत, पण जिथे टेकतात तिथे बारीक मानेने जुळतात. टरफल फुटून धातूला धातू लागतो आणि भाराला रस्ता मिळतो. शिवाय पेटीत किंचित हेलियम सोडायचा, वातावरणाच्या दाबाच्या पाच लाखाव्या भागाइतका. झोतामुळे हेलियमचे धनभारित आयन बनतात, ते पावडरीकडे ओढले जातात आणि जादा भार मारतात. वरून हेलियम, खालून माना. दोन्हीकडून अर्थिंग.

याची किंमत आहे. अर्धवट जुळलेली पावडर वस्तूभोवती ढेपेसारखी घट्ट होते. ती त्याच पावडरीच्या फवाऱ्याने फोडून काढावी लागते, आणि वस्तूत लांब अरुंद पोकळ्या असतील तर तिथली निघता निघत नाही. पेटी थंड व्हायला तासनतास जातात. प्रत्येक नव्या धातूसाठी तापवण्याचा हिशेब नव्याने बसवावा लागतो, आणि तो बसेपर्यंत ढग उठत राहतात.

पण जी गोष्ट अडचण म्हणून आली, तिने पुढे मोठं काम केलं. लेझरची वस्तू थंड पावडरीत बनते, म्हणून तिच्यात ताण राहतात. इथली वस्तू तापलेल्या बिछान्यातच जन्मते. टायटेनियम ॲल्युमिनाइड हा पदार्थ निकेलच्या मिश्रधातूच्या निम्म्या वजनाचा, पण ठिसूळ, थंड झाला की तडकणारा. बिछाना हजार अंशांच्या आसपास ठेवला तर तो या पद्धतीने बनतो. इटलीत कामेरी इथे आव्हियो एरो त्याची पाती बनवते, आणि ती जीई ९एक्स या विमान इंजिनात बसतात. त्याआधी, २००७ पासून, इटलीच्याच ॲडलर ऑर्थोने खुब्याच्या सांध्याची वाटी या पद्धतीने बनवून रुग्णांपर्यंत नेली. वाटीची बाहेरची बाजू जाळीदार, हाडाला आत शिरता यावं म्हणून. म्हातारपणी घसरून पडलेल्या माणसाचं पुन्हा चालणं या पावडरीच्या खाली राहण्यावर अवलंबून असू शकतं. म्हणून एक थर उधळला तर तो 'थोडी धूळ उडाली' म्हणून सोडता येत नाही.

*

यंत्रं विकली जाऊ लागल्यावर बरीच वर्षं स्मोक हा ज्याच्या त्याच्या अनुभवाचा विषय होता. पावडर उडते का, याचं कारण काहींना झोताच्या धक्क्यात दिसे: इतक्या वेगाने आलेले इलेक्ट्रॉन कणांना ढकलत असणार. धक्का असतो हे खरं, पण तो खालच्या दिशेने. ढग मात्र वर उठतो आणि झोत न लागलेले शेजारचे कणही सोबत नेतो. २००७ ते २००९ दरम्यान म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने धक्का आणि विद्युतभार यांचा वेगवेगळा हिशेब मांडला आणि भार हा मुख्य आरोपी ठरत गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेशी संबंधित झॅकरी कॉर्डेरो आणि सहकाऱ्यांनी पावडरीच्या भारित होण्यावरच निबंध लिहिला.

मला सर्वांत भिडलं ते जपानमधलं काम. तोहोकू विद्यापीठाचे अकिहिको चिबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये इन्कोनेल ७१८ या निकेल मिश्रधातूच्या पावडरीवरचा प्रयोग छापला. पावडर बॉल मिलमध्ये घोळवायची. गोळ्यांच्या माराने कणांवरचा ऑक्साइडचा पापुद्रा ताणला, दुखावला जातो, वीज अडवण्याचा त्याचा गुण कमी होतो, आणि स्मोक दबतो. यंत्र तेच, झोत तोच, फक्त टरफल बदललं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या हडर्सफिल्डच्या वेलँड कंपनीने आयनांनी भार मारत राहणारं वेगळं यंत्र आणलं, आणि जपानच्या जिओलने हेलियमशिवाय स्मोक रोखणारं कवच.

हे सगळे उपाय शेजारी शेजारी मांडून पाहा. राखेवर आम्लाचा ओलावा, धातूच्या कणांत माना, हेलियमचे आयन, ठोकून दुखावलेलं टरफल. शंभरावर वर्षांचं अंतर, चार देश, दोन अगदी वेगळे उद्योग. कुणीही कणाला दाबून बसवायचा प्रयत्न केलेला नाही. सगळ्यांनी भाराला बाहेर पडायला रस्ता करून दिला आहे.

*

मग आमची नोंदवही. जुनी, वारंवार वापरलेली पावडर म्हणजे जास्त ऑक्सिजन पचवलेली पावडर. तिला जास्त तापवणं हवं होतं, मी कमी केलं. माना जुळल्याच नाहीत. पहिले दहा-बारा थर खालची पाटी जवळ होती म्हणून निभावले असावेत. पाटी लांब गेली आणि रस्ता संपला. त्या मुलाला सूत्र येत नसेल, पण त्याने पावडर रोज पाहिली होती आणि 'अजून तापू देऊ या' हे बरोबर ओळखलं होतं. त्रुटी हाताळणीत नव्हती, हुकमात होती.

हे कळल्यावर मी जुन्या वहीत त्या नोंदीखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली आणि सही केली. तोवर मुलगा नोकरी सोडून गेला होता. नंबर मिळवून फोन केला. आता तो दुसऱ्या शहरात सीएनसी चालवतो. मी सगळं सांगितलं, टरफल, माना, इएसपीसुद्धा. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सर, ते मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही घाईत होता." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. बांधीवरच्या मोटारीपाशी वडिलांनी वर्षांपूर्वी खोदलेला अर्थिंगचा खड्डा अजून आहे, कोळसा आणि मीठ घालून बुजवलेला. वैशाखात जमीन कोरडी पडली की मोटारीच्या पेटीला हात लावताना झिणझिण्या येत. तेव्हा वडील मोटारीला शिव्या देत नसत, वायरमनलाही देत नसत. मला हाक मारत: "अर्थिंगले पानी टाकलास का रे?" मी बादलीभर पाणी ओतायचो. माती काळी व्हायची, आणि झिणझिण्या थांबायच्या.

यंत्राच्या खोलीत काही उधळलं, की आता मी आधी कुणाचं नाव विचारत नाही. खड्ड्यात पाणी आहे का, ते बघतो.